पांढऱ्या ढिगातला माझा वाटा

मी तिथे गेले होते शिकवायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे हसू आलं तर तुम्हाला मोकळेपणाने हसता येईल.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशा गावाच्या जवळ. केळी, पपई, कापूस. शेती सासऱ्यांच्या आधीपासूनची, घर माणसांनी भरलेलं आणि त्या घरातली मी थोरली सून. गावात बायकांचा गट आहे, त्याची अध्यक्ष मीच. आमच्या गटाचं कैरीचं लोणचं शहाद्यापर्यंत जातं आणि बरणी उघडली की लोक विचारतात, कुणाच्या हातचं? त्यामुळे माझं नाक जरा वर असतं. घरचे म्हणतात, जरा नाही, बरंच.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात निरोप आला की सातपुड्यातल्या एका पाड्यावर बायका आमचूर करतात, त्यांना कैऱ्या कापायच्या यंत्रावर काम शिकवायला कुणी अनुभवी बाई हवी. कैरीचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे दोन महिने, तिथेच राहावं लागेल. मी हो म्हणाले. नवऱ्याने जेवता जेवता मान वर केली आणि म्हणाला, "आठ दिनमा परत येशी तू." एवढ्या एका वाक्यावर मी चार महिने राहिले असते.

म्हसावद मागे पडलं, घाट लागला, कानात दडे बसले. धडगावला जीप बदलली आणि तिथून पुढे अजून दीड तास. पाडा म्हणजे आमच्यासारखी भिंतीला भिंत लागलेली घरं नव्हेत. एकेका टेकाडावर एकेक घर, मध्ये शेतं, आणि एका घरून दुसऱ्या घरी बोलायचं तर हाक मारायची. ज्या घरात माझी सोय केली होती तिथे एक म्हातारी होती आणि तिची सून. सुनेचा नवरा गुजरातेत कामाला गेलेला. म्हातारीला सगळा पाडा डोकरी म्हणायचा. त्यात अनादर नाही, वयाचा मान आहे. डोकरी घरात पावरी, म्हणजे तिथली आदिवासी बोली, बोलायची. बाजारच्या निमित्ताने आमची अहिराणी तिला थोडी येत होती, तेवढ्यावर आमचं भागायचं. सून आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. मला ती मॅडम म्हणायची आणि मला ते आवडायचं. पहिले दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी मी यंत्र मांडलं. यंत्र साधंच, हाताने दांडा फिरवायचा आणि खालून फोडी पडायच्या. त्याची मूळची पाती मला बोथट वाटली होती, म्हणून आमच्या गावच्या लोहाराकडून मी चांगली लोखंडी, धारदार पाती बनवून आणली होती. त्याचाही मला अभिमान. दहा-बारा बायका गोल करून बसल्या, मी भाषण केलं, सुनेने ते पावरीत सांगितलं. मग मी दांडा फिरवला. फोडी अशा सरासर पडल्या की मलाच माझं कौतुक वाटलं. घरामागच्या मोठ्या खडकावर त्या पसरल्या. संध्याकाळी बघते तर सगळ्या काळ्याठिक्कर.

कैरीच्या आंबटाला लोखंड लागलं की फोड काळी पडते, हे मला माहीत नसावं? पंचवीस वर्षं मी लोखंडी अडकित्त्याने कैऱ्या फोडत आले. पण लोणच्यात हळद, तिखट आणि तेलाखाली कुठली फोड काळी नि कुठली गोरी, कोण बघतं! आमचुराला असं काही पांघरूण नसतं.

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त शेजारच्या टेकाडावरची एक बाई, माझ्याच वयाची, आवाज असा की दरीपलीकडे ऐकू जावा, तिने एक फोड उचलली, उलटी-सुलटी पाहिली आणि सुनेला काहीतरी विचारलं. सुनेने खाली बघत मला सांगितलं, "ती विचारते, तुमच्याकडे आमचूर असाच असतो का?" तिने खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. मी मात्र तापले. सुनेवरच तापले. तुला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंस? ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात एक शिंपला ठेवला. नदीतला मोठा शिंपला, त्याची पाठ दगडावर घासून मध्ये भोक पाडलेलं. त्या भोकाच्या कडेने कैरी सोलायची. तरण्या बायका आता बाजारातली स्टीलची सोलणी वापरतात, पण डोकरीचा विश्वास शिंपल्यावर. मूळची पाती गावीच राहिली होती, म्हणून मी यंत्र कोपऱ्यात ठेवलं, त्यावर गोणपाट टाकलं आणि सोलायला बसले. पहिल्या दिवशी कैरीपेक्षा अंगठ्याचंच साल जास्त निघालं.

तिथे लाह नावाची रीत आहे. आज सगळ्या बायका एकीच्या घरी जाऊन तिच्या कैऱ्या सोलतात, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही. ज्या घरची लाह त्या घरी जेवण, एवढंच. पण सोलणं सगळ्यांचं असलं तरी वाळवणं ज्याचं त्याचं. फोडी खडकावर एकेरी पसरायच्या, ऊन बघून उलटायच्या, शेळ्या हाकलायच्या, संध्याकाळी गोळा करून फडक्याखाली झाकायच्या. चार-पाच दिवस हे चालतं. खरी परीक्षा तिथेच. सोलताना शेजारीण सांभाळून घेते, खडकावर तुम्ही एकट्या असता.

आणि परीक्षा घ्यायला डोकरी बसलेली असायची. धडगावच्या बाजाराच्या आदल्या दिवशी प्रत्येक बाई आपली टोपली तिच्यापुढे आणून ठेवायची. डोकरी मूठभर फोडी उचलायची, एक कानाजवळ मोडायची, एक उन्हाला धरायची, एखादी जिभेवर ठेवायची. पांढऱ्या फोडी एका ढिगात, काळ्या बाजूला. पांढरा ढीग सगळ्यांचा मिळून बाजारात जायचा. पूर्वी कधीतरी एकीच्या काळ्या टोपलीमुळे सगळ्या पाड्याचा माल व्यापाऱ्याने नाकारला होता, तेव्हापासून ही पद्धत. डोकरीने बाजूला काढलं की त्यावर कुणी बोलायचं नाही. तिच्या स्वतःच्या सुनेची अर्धी टोपली बाजूला जाताना मी पाहिली आहे. सून फणकारून उठली, पण बोलली नाही.

डोकरीच्याच कैऱ्यांतल्या थोड्या मी वेगळ्या वाळवायचे. माझी ती पहिली टोपली डोकरीने नीट बघितलीही नाही. वरून एक नजर, आणि हाताच्या एकाच झटक्यात सगळी बाजूला. "काया पडना," ती म्हणाली. काळं पडलं. दुसरी टोपलीसुद्धा तशीच गेली. त्या दिवशी मी ठरवलं की इथून जायच्या आधी माझ्या हातचा आमचूर त्या पांढऱ्या ढिगात पडला पाहिजे. मला दुसरं काही नको होतं. शिकवायचं मी कधीच सोडून दिलं होतं. घरी परत जाऊन काय सांगायचं याचीही फिकीर नव्हती. फक्त तो ढीग. लहान मूल हट्टाला पेटावं तशी मी पेटले होते.

मग मी शिकले. कैरी कोवळी असेल तर फोड वाळून तिचा नुसता पापुद्रा उरतो, निबर झाली तर ती पिवळट पडते. फोड जाड ठेवायची नाही. सोललेली कैरी पाण्यात टाकायची नाही. मी टाकायचे, स्वच्छतेच्या सवयीने, आणि त्या टाकण्याने काय नुकसान होतं ते मला टोपलीभर नासल्यावर कळलं. मोठ्या आवाजाची शेजारीण माझ्या फोडी हातात धरून सगळ्यांना दाखवायची आणि म्हणायची, मॅडमची एक फोड वाळवायला दोन सूर्य लागतील. बायका हसून लोळायच्या. आता त्या हसत होत्या, आणि मला त्याचं किती बरं वाटायचं! आमच्या गावात माझ्यावर असं कुणी हसत नाही. हसायची कुणाची हिंमतच नाही.

दुपारी आम्ही मोहाच्या सावलीत बसायचो. शेजारीण माझ्या नवऱ्याबद्दल नको ते विचारायची आणि सून भाषांतर करताना लाजून लाल व्हायची. मी त्यांना केळीच्या बागा सांगायचे, त्या मला कुठल्या आंब्याला काय नाव ते सांगायच्या. तिथे प्रत्येक झाडाला नाव आहे, आणि झाड कुणाचं ते सगळ्यांना पाठ. शेत एकाचं आणि बांधावरचं झाड दुसऱ्याचं, तरी भांडण नाही. आमच्याकडे अशा एका झाडावरून दोन भाऊ कोर्टात गेले असते. हे मी त्यांना सांगितलं तर त्यांना ते खरंच वाटेना.

मुक्काम संपायला आठ दिवस उरले होते तेव्हा सून म्हणाली, "उद्या तुमची लाह."

मी म्हटलं, अगं, माझं झाड कुठे आहे? तर डोकरीने घरामागचं आंबट कैऱ्यांचं एक झाड माझ्या नावाने सोडलं होतं. दोन महिने मी प्रत्येकीच्या घरी सोलायला गेले होते, म्हणून आता माझी पाळी. ती चुकवता येत नाही आणि कुणी चुकवू देत नाही. मी पहाटेपासून स्वयंपाकाला लागले. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, वर लसणाचा ठेचा. अकरा बायका आल्या. सोललं, चिरलं, गप्पा मारल्या, जेवल्या. शेजारीण बोटं चाटून म्हणाली, "बरं आहे. मीठ कमी." माझ्या हातच्या भरिताला हे ऐकवणारी जगात ती एकटीच.

मी हंगामात चाळीस-चाळीस मजुरांना जेवू घालते. पण ते मजुरीला आलेले असतात. माझ्यासाठी, माझी पाळी आहे म्हणून, हातातलं काम सोडून अकरा बायका आल्या, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. चुलीच्या धुराचं निमित्त करून मी दोनदा डोळे पुसले. आनंदाने माणसाला इतकं अवघडल्यासारखं होतं हे मला माहीत नव्हतं.

आता वाळवणं माझं एकटीचं. पहिला दिवस मी खडक सोडला नाही. दुसरा दिवसही नाही. फोडी अशा पांढऱ्या होत होत्या की मी हात लावायलाही भीत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सून टेकडीवरून आली आणि म्हणाली, माझ्या फोनवर तुमच्या मुलीचा मिस्ड कॉल दिसतो आहे. फोनची रेंज तिथे फक्त त्या टेकडीच्या माथ्यावर येते. वरच्या अंगाच्या फोडी मी उलटल्या होत्या, खालच्या राहिल्या होत्या. म्हटलं, पाच मिनिटांत येते. मुलीशी बोलले, मग तिने फोन जावेला दिला, जावेने केळीच्या घडांचं सांगितलं, मग कुणाचं लग्न ठरलं ते. खाली आले तेव्हा ऊन कललं होतं. घाईघाईने उरलेल्या फोडी उलटल्या. वरून सगळं पांढरंच दिसत होतं. मी कुणाला काही बोलले नाही.

निघायच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले. जीप दिवसातून एकदाच यायची, साधारण दहाला. सगळ्या बायका खडकावर जमल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाजार, म्हणून टोपल्याही आलेल्या. माझी टोपली मी सगळ्यात शेवटी ठेवली. मनात धाकधूक होती आणि तोंडावर अध्यक्षीण बाईंचं हसू. डोकरी माझ्या टोपलीपर्यंत आली आणि त्याच वेळी खाली वळणावर जीपचा हॉर्न वाजला.

सून डोकरीकडे वाकून पावरीत काहीतरी म्हणाली. तोपर्यंत मला तेवढं कळायला लागलं होतं: जाऊ दे, त्या निघाल्या आहेत, घे सगळं ढिगात. शेजारीणही तेच म्हणाली, तिच्या मोठ्या आवाजात. एकजण तर माझी टोपली उचलून पांढऱ्या ढिगात ओतायलाच निघाली. डोकरीने नुसता हात आडवा केला.

मग तिने टोपली मांडीजवळ ओढली आणि सुरू केलं. मूठभर नाही. एकेक फोड. उचलायची, बघायची, डावीकडे किंवा उजवीकडे. खाली हॉर्न वाजतोय. ड्रायव्हर उतरून वर आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, डोकरीने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो पण शेवटी दगडावर बसला. जीपमधली दोन माणसं बघायला वर आली. माझे कान लाल झाले होते. इतक्या लोकांपुढे माझा आमचूर निवडला जात होता आणि उजवीकडचा काळा ढीग वाढत होता. पण डावीकडचाही वाढत होता! मी डावीकडेच बघत होते.

सगळी टोपली संपल्यावर तिने काळ्या ढिगातली एक फोड उचलून माझ्यापुढे धरली. "तिसरा दिन दुपारले तू कथी गयती?"

तिसऱ्या दिवशी दुपारी तू कुठे गेली होतीस. खोटं बोलणं शक्यच नव्हतं. मी टेकडीच्या माथ्याकडे बोट केलं. "फोनवर."

आधी शेजारीण हसली, मग सगळा खडक हसला. ड्रायव्हरसुद्धा. आणि मी, लोकांनी नाव ठेवलं तर आठ-आठ दिवस अबोला धरणारी बाई, त्यांच्यात पोट धरून हसले. डोकरी तेवढी हसली नाही. तिने दोन्ही तळव्यांनी माझा पांढरा भाग उचलला आणि सगळ्यांच्या ढिगात टाकून नीट कालवला, असा की माझी फोड कुठली आणि शेजारणीची कुठली हे देवालाही सांगता येऊ नये. मग काळ्या फोडी गोळा करून स्वतःच्या घरच्या टोपलीत टाकल्या. "हाई आम्ही खासूत," ती म्हणाली. हे आम्ही खाऊ. "पावसायामा." पावसाळ्यात.

शेजारणीने माझी पिशवी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि जीपपर्यंत आणली. सून शेवटपर्यंत मॅडम म्हणत राहिली, पण म्हणताना माझा हात तिने सोडला नव्हता. डोकरी खाली उतरली नाही. खडकाच्या कडेला येऊन तिने वरूनच ओरडून सांगितलं, "येता साल येजो. फोन घर ठेईसन येजो!"

घाट उतरताना मी एकटीच हसत होते आणि मध्येच रडत होते. समोरच्या माणसाने खिडकी बंद करू का म्हणून विचारलं, त्याला वाटलं डोळ्यांत धूळ गेली. मी म्हटलं, राहू द्या, वारा चांगला आहे.

घरी पोचले तर ओट्यावर सगळी मंडळी. आमच्याकडे कुणी बाहेरगावी शिकवायला जाऊन आलं की शाल, नारळ, निदान एखादं फडकं तरी घेऊन येतं. जावेने माझी पिशवी चाचपली. "त्यास्नी तुले काय दिनं?"

"काही नही."

"काहीच नही? दोन महिना ऱ्हायनी तू तठे!"

मी अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मन्हा निम्मा माल नापास कया त्यास्नी. जीप उभी करीसन!"

जाव माझ्या बाजूने भांडायला उठली. कोण कुठली ती म्हातारी, निघत्या पाहुणीचा असा अपमान करतात का, आपण हे करू का कधी. मी तिला खाली बसवलं. ती म्हणत होती ते बरोबरच होतं. आमच्या घरी कुणी पाहुणी चार पापड लाटायला बसली, तर ते कसेही झाले तरी आपण वा वा म्हणतो आणि डोळे झाकून आपल्या पापडांत ढकलतो. माझा आमचूर त्यांनी एकेक फोड उचलून निवडला.